जंतू जनावरात, रोग गोठ्यात

कल्याणहून कर्जतकडे निघालेली धिमी गाडी पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. रुळांच्या दोन्ही अंगांना दाट वस्ती आणि जवळून वाहणारी वालधुनी. अंबरनाथकडच्या डोंगरातून येणारी ही नदी वस्तीत शिरेपर्यंत नाला होऊन जाते. तिच्या काठाला कचऱ्याचे ढीग आणि त्या ढिगांत तोंड घालून फिरणारी डुकरे, हे चित्र उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कामगार कुटुंबांना नवीन नाही.

अशा वस्तीत मुलाला ताप आला की शेजारपाजारचे दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. एकजण म्हणतो, "डुकरांचाच रोग असणार, दुसरे काय?" दुसरा म्हणतो, "आमच्या आज्या-पणज्यांनी डुकरे पाळली, खाल्ली. त्यांना कुठे काय झाले?" दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि बरेचसे सुटलेले आहे. डुकरांच्या अंगात जंतू किती असतात, ते केव्हा रोग करतात आणि माणसापर्यंत कसे पोहोचतात, याबद्दल शास्त्राने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पुष्कळ माहिती गोळा केली आहे. घरात डुक्कर पाळणारा असो, बाजारातून मटण आणणारा असो की नुसता नाल्याकाठी राहणारा असो, ही माहिती प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

निरोगी डुकरातही जंतू

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती अशी, की ज्याच्या अंगात रोगाचे जंतू अजिबात नाहीत असे पाळीव डुक्कर जवळजवळ मिळत नाही. 'स्ट्रेप्टोकॉकस सुइस' नावाचा जिवाणू डुकराच्या घशातील गाठींत राहतो. कळपांची तपासणी केली तर बहुतेक कळपांत तो सापडतो आणि कित्येक ठिकाणी तर जवळपास प्रत्येक डुकरात सापडतो. पण याच जिवाणूमुळे आजारी पडणाऱ्या डुकरांचे प्रमाण सामान्यतः शंभरात पाचाच्या आतच राहते.

'इरिसिपेलास' या रोगाचेही तसेच. या रोगात डुकराला एकदम ताप चढतो, ते खाणे सोडते आणि कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चट्टे उठतात. धष्टपुष्ट डुक्कर एक-दोन दिवसांत मरू शकते. तरी हा जंतू ३० ते ५० टक्के निरोगी डुकरांच्या घशात मुक्कामाला असतो, असे पशुवैद्यकाचे ग्रंथ सांगतात. डुकरांना जुनाट खोकला लावणारा 'मायकोप्लाझ्मा' जगातल्या बहुतेक वराहपालक देशांत पसरलेला आहे. पिल्लांना हगवण लावणारा 'ई. कोलाय' तर प्रत्येक डुकराच्या आतड्यात असतोच, माणसाच्याही असतो. त्यातल्या काही विशिष्ट जातीच तेवढ्या रोग करतात. गुराढोरांचा घटसर्प आपल्या गावाकडच्या लोकांना ठाऊक आहे. त्या रोगाचा 'पाश्चुरेला' जंतूही डुकरांच्या नाकाघशात आढळतो.

तेव्हा "या डुकरात जंतू आहेत का?" या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. जंतू आहेतच. विचारायचे ते हे, की इतके दिवस गप्प बसलेला जंतू एके दिवशी रोग का करू लागतो?

साल्मन साहेबांची गफलत

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक जुनी हकिकत आहे. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेत 'हॉग कॉलरा' नावाच्या रोगाने डुकरांचे कळपच्या कळप मरत होते. तिथल्या कृषी खात्यातले पशुवैद्य डॅनियल साल्मन आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ च्या सुमारास आजारी डुकरांतून एक जिवाणू वेगळा काढला. रोगाचे मूळ हाती लागले, असे त्यांना वाटले. पुढे साल्मन यांच्या नावावरून त्या जिवाणूच्या कुळाला 'साल्मोनेला' हे नाव पडले. पण १९०३ मध्ये त्याच खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही हा रोग पार होतो. म्हणजे रोगाचे खरे कारण जिवाणूहून पुष्कळ लहान असा विषाणू होता. त्यालाच आज आपण स्वाइन फीवर म्हणतो.

मग साल्मोनेला तिथे काय करत होता? विषाणूने डुकराची ताकद खच्ची केली आणि मागच्या दाराने हा जिवाणू आत शिरला. डुकरांच्या जिवाणूजन्य रोगांची गोष्ट बहुधा अशीच असते. आधी काहीतरी जनावराला कमजोर करते. कधी तो विषाणू असतो, कधी थंडी, कधी दाटीवाटी, कधी ओली जमीन, तर कधी पिल्लाला आईपासून अवेळी तोडणे. त्यानंतर घशात किंवा आतड्यात बसलेला जंतू उचल खातो.

लसही याच काळातली. १८८२ मध्ये लुई पाश्चर यांचा तरुण सहकारी लुई थुलिए याने फ्रान्समध्ये इरिसिपेलासचा जंतू शोधला आणि १८८३ मध्ये पाश्चर व थुलिए यांनी त्याची लस तयार केली. त्याच वर्षी कॉलऱ्याचा अभ्यास करायला इजिप्तला गेलेला थुलिए कॉलऱ्यानेच वारला. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. आज पेनिसिलिनने इरिसिपेलास बरा होतो. मात्र इलाज वेळेवर व्हावा लागतो.

पिल्लाचे पहिले २४ तास

डुकरीण साधारण ११४ दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा सोपा हिशेब पाळणारे ठेवतात. एका वेताला आठ ते बारा पिल्ले होतात. आईचे दूध तुटेपर्यंत त्यातली १० ते २० टक्के पिल्ले दगावणे ही अनेक ठिकाणची नेहमीची गोष्ट आहे. काही आईच्या अंगाखाली चिरडतात, काही गारठ्याने जातात आणि बरीच हगवणीने जातात.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी शक्ती जवळपास नसते. माणसाच्या बाळाला ती आईच्या पोटातच मिळू लागते, पण डुकराच्या पिल्लाला ती सारी चिकातून घ्यावी लागते. खरवसाचा चीक आपल्या बायाबापड्यांना माहीत आहे, तसाच हा डुकरिणीचा चीक. पहिल्या सहा तासांत तो पोटात गेला तर उत्तम. २४ तास उलटले की पिल्लाचे आतडे तो गुण घेऊ शकत नाही. दहा पिल्लांत जे अशक्त असते ते सडापर्यंत पोहोचत नाही आणि दोन दिवसांनी पिवळी हगवण लागून मरते. पाळणारा म्हणतो, "रोग आला." तो जंतू आधीपासून तिथेच होता. पिल्लाला चीक मिळाला नव्हता, हे कुणी पाहिले नाही.

ऊब हेही तसेच दुसरे कारण. नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंश सेल्सिअस ऊब लागते. पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर पडलेले पिल्लू गारठते, चीक पीत नाही आणि हगवणीला बळी पडते. कोरडा पेंढा आणि वर टांगलेला एक बल्ब यांनी जेवढी पिल्ले वाचतात तेवढी औषधाच्या बाटलीने वाचत नाहीत. सिमेंटवर वाढणाऱ्या पिल्लाला मातीतून मिळणारे लोहही मिळत नाही, म्हणून जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन देतात.

दुसरा धोक्याचा काळ म्हणजे दूध तोडण्याचा. आईच्या चिकाचा जोर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओसरतो आणि स्वतःची ताकद अजून आलेली नसते. नेमके याच वेळी आई सुटते, खाणे बदलते, चार वेतांची पिल्ले एकत्र कोंबली जातात आणि एकमेकांना चावतात. स्ट्रेप्टोकॉकसने पिल्लांचे सांधे सुजणे, मान वाकडी होणे, पाय झाडत मरणे हे बहुतेक दूध तुटल्यानंतरच्या काही आठवड्यांतच दिसते.

औषधाची सवय

जगातल्या मोठमोठ्या वराहपालन केंद्रांनी यावर एक सोपी वाट काढली. गोठा सुधारण्याऐवजी रोजच्या खाद्यातच थोडे थोडे प्रतिजैविक औषध मिसळायचे. डुकरे भराभर वाढत, दाटीवाटीतही तगत. पण रोज थोडे औषध खाणारे जंतू त्या औषधाला पुरून उरायला शिकले.

नेदरलँड्समध्ये २००४ च्या सुमारास डॉक्टरांना वराहपालकांच्या घरांत 'एमआरएसए' हा औषधांना न जुमानणारा जंतू आढळला. २००५ मध्ये तिथल्या कत्तलखान्यांत ५४० डुकरे तपासली तेव्हा ३९ टक्के डुकरांच्या नाकात तो सापडला. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी आणखी गंभीर गोष्ट जाहीर केली. 'कोलिस्टिन' हे औषध डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. त्यालाही दाद न देण्याचा गुण डुकरांतल्या ई. कोलाय जंतूत आला होता आणि तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जात होता. अतिदक्षता विभागातल्या माणसासाठी राखलेले औषध डुकरांच्या खाद्यात वाया घालवल्याचा हा परिणाम होता. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

औषधाशिवाय धंदा बुडेल हे म्हणणेही खरे ठरले नाही. स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठी औषधे खाऊ घालणे बंद केले. डेन्मार्कने ते २००० पर्यंत थांबवले आणि संपूर्ण युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून बंदी आली. सुरुवातीला पिल्लांची हगवण वाढली, हे खरे. मग पिल्लांना आईजवळ अधिक दिवस ठेवणे, गोठे कोरडे व हवेशीर करणे, खाद्य बदलणे हे उपाय झाले आणि डेन्मार्कचा डुकरांचा धंदा चालूच राहिला.

गरिबाच्या घराला याची झळ अधिक बसते. श्रीमंताला महागडे दुसरे औषध परवडते. आपल्या मुलाच्या जखमेला साधे औषध लागू पडले नाही तर आपण कुठे जायचे? म्हणून दुकानातून गोळ्या आणून डुकराच्या खाद्यात मिसळणे हा त्या एका घराचा खासगी मामला राहत नाही.

माणसाला काय होऊ शकते?

डुकराच्या सगळ्याच रोगांची माणसाला लागण होत नाही. मायकोप्लाझ्माचा खोकला डुकरापुरताच राहतो. स्वाइन फीवर आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात भारतात प्रथमच आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर हे विषाणूजन्य रोग माणसाला होत नाहीत. २००९ साली पुण्यात हाहाकार उडवणारा 'स्वाइन फ्लू' नावाने डुकराचा असला तरी तो पसरत होता माणसाकडून माणसाकडे, खोकल्या-शिंकांतून. डुकराचे मटण खाऊन तो कुणाला झाला नाही. डोक्यात गाठी करणारा फीतकृमी डुकरापासून आला तरी तो जंत आहे, जिवाणू नाही.

परंतु काही जिवाणू माणसाला खरोखर घातक आहेत. २००५ च्या पावसाळ्यात चीनच्या सिचुआन प्रांतात स्ट्रेप्टोकॉकस सुइसने २१५ माणसे आजारी पडली आणि ३८ दगावली. ही बहुतेक गरीब शेतकरी माणसे होती. आजारी किंवा मेलेले डुकर वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते घरीच कापले होते. हाताला जखम असली की जंतू तिथून रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणाला सूज आणतो आणि वाचलेल्या माणसाला कधी कधी कायमचा बहिरेपणा देऊन जातो. व्हिएतनाममध्ये डुकराचे कच्चे रक्त खाण्याची प्रथा आहे. तिथे मोठ्या माणसांच्या जिवाणूजन्य मेंदूज्वराचे हे एक प्रमुख कारण आहे.

इरिसिपेलासचा जंतू खाटकाच्या किंवा मासे साफ करणाऱ्याच्या बोटाला चीर पडली तर आत शिरतो. बोट जांभळट सुजते व ठणकते. साल्मोनेला अर्धवट शिजलेल्या मटणातून उलट्या-जुलाब करवतो. आणि आपल्या भागाशी थेट संबंध आहे तो लेप्टोस्पायरोसिसचा.

पुराचे पाणी आणि लेप्टो

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांचे पाणी वस्त्यांत शिरले होते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. असे पाणी आले की लेप्टोचा धोका वाढतो. या जंतूचा मुख्य वाहक उंदीर आणि घूस. पण गुरे, कुत्री आणि डुकरेही तो मूत्रपिंडात बाळगतात आणि महिनोन्महिने लघवीवाटे बाहेर टाकतात. डुकरिणीचे दिवस भरत आले असता गाभ पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पुराच्या पाण्यातून चालणारी कामावरची बाई, अनवाणी खेळणारे मूल, गटारात उतरणारा सफाई कामगार यांच्या पायाच्या भेगांतून हा जंतू आत जातो. जोराचा ताप, पोटऱ्या कमालीच्या दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ आणि लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे. पुराच्या पाण्यातून चालावे लागले तर २४ ते ७२ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन सांगावे. डॉक्टर गरजेप्रमाणे प्रतिबंधक गोळी देतात. गरोदर स्त्री आणि लहान मुलांबाबत तर स्वतःच्या मनाने गोळी घेऊ-देऊ नये. ताप आल्यावर "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरला आवर्जून सांगावे, कारण वेळीच निदान झाले तर साध्या औषधाने माणूस वाचतो.

पाळणाऱ्यांनी, खाणाऱ्यांनी

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे होती. त्यांतली २१ लाख एकट्या आसामात होती. २०१२ च्या मानाने ही संख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. दुसरीकडे केंद्र सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची नवी आखणी करून वराह पैदास केंद्रांना ५० टक्के भांडवली अनुदान ठेवले. आपल्या तरुणांपैकी कुणी कर्ज काढून या धंद्यात उतरत असेल तर अनुदानाच्या अर्जाआधी पुढच्या गोष्टी शिकून घ्याव्यात.

जमीन उताराची आणि कोरडी असावी. एका वयाची पिल्ले एका खणात ठेवावीत. ती सगळी एकदम विकावीत, खण धुऊन, चुना मारून, वाळवून काही दिवस रिकामा ठेवावा आणि मगच नवी तुकडी आत घ्यावी. बाहेरून आणलेले डुक्कर तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. हॉटेलचे खरकटे घालायचे तर अर्धा तास खळखळ उकळूनच घालावे. स्वाइन फीवरची लस चुकवू नये, कारण विषाणूने दार उघडले की जिवाणू आत शिरतात. पिल्ले पटापट मरू लागली तर पुरण्याआधी एक पशुवैद्याला दाखवावे. मेलेल्या पिल्लाची चिरफाड करून नेमका जंतू कळतो आणि नेमके औषध ठरते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, १९६२ हा मदत क्रमांक आहे आणि परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध दिलेले डुक्कर डॉक्टरने सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कापायला देऊ नये. गाभ पडलेली पिल्ले उघड्या हाताने उचलू नयेत.

घरात मटण आणणाऱ्या भगिनींनी एवढे करावे. मेलेल्या किंवा आजारी जनावराचे मटण स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. हाताला कापले असेल तर मटण दुसऱ्याला धुवायला सांगावे. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये. मटण आतपर्यंत शिजवावे, हाडाजवळ गुलाबी राहू देऊ नये. आतपर्यंत ७० अंशांची उष्णता पोहोचली की हे जिवाणू मरतात आणि आपला रस्सा तर उकळतच असतो. नीट शिजवलेल्या मटणाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

घाण कोणाची?

आपल्याकडे डुकराला घाणेरडे जनावर म्हणतात आणि ते पाळणाऱ्या माणसालाही तोच शिक्का मारतात. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटातल्या कैकाडी कुटुंबाच्या वाट्याला आलेली अवहेलना आठवावी. 'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावाला डुकराचा विटाळ नको असतो, पण डुक्कर धरायला मात्र याच घराला बोलावले जाते.

प्राणिशास्त्र काय म्हणते? डुकराला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून अंग थंड करायला ते चिखलात लोळते. पुरेशी जागा मिळाली तर ते झोपायच्या जागेपासून दूर कोपऱ्यात जाऊन घाण करते. अरुंद खोपटात कोंबले की स्वतःच्या विष्ठेत बसण्याखेरीज त्याला गत्यंतर नसते. मग रोग होतो आणि दोष त्याच्या जातीवर जातो. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. ज्यांना गावाबाहेरची सखल जागा, नाल्याकाठ आणि अपुरे पाणी दिले, त्यांनाच "अस्वच्छ" म्हणून हिणवले गेले.

नगरपालिकेने कचरा वेळेवर उचलला, नाला वाहता ठेवला आणि डुकरे पाळणाऱ्याला वस्तीबाहेर पाण्याची सोय असलेली जागा दिली, तर नाल्यावरची डुकरे नाल्यावर राहणार नाहीत. हे अर्ज करून, पाठपुरावा करून मागण्याचे काम आहे. पावसाळा तोंडावर येण्याआधी प्रत्येक वस्तीच्या महिला मंडळाने आणि तरुणांनी हा अर्ज सह्यांनिशी द्यावा आणि पोहोच घेऊन जपून ठेवावी.